भागरताचा अंगठा

नोकरी जाते त्या दिवशी माणूस पहिल्यांदा पैशांचं विचारत नाही. आठ वर्षांत मला तरी तसा कोणी भेटला नाही. तुमसरला एका सायकलच्या दुकानावर आमच्या युनियनची खोली आहे. लोखंडी जिना चढून तो वर येतो, खुर्ची रिकामी असली तरी दाराशीच उभा राहतो आणि म्हणतो, “मॅडम, माझं काय चुकलं?”

त्याचं काहीच चुकलेलं नसतं. गिरणी विकली गेलेली असते, ठेका संपलेला असतो, नाहीतर यंत्र आलेलं असतं. पण वीस वर्षं वेळेवर कामावर गेलेला माणूस हे ऐकून घेत नाही. तो डोक्यात मागे मागे जात एक दिवस शोधत असतो, ज्या दिवशी तो उशिरा आला होता किंवा साहेबाला उलटून बोलला होता. त्या शोधातून त्याला ओढून काढायचं आणि कागदांसमोर बसवायचं, इथून माझं काम सुरू होतं.

आमच्याकडे याला ‘हिसाब’ म्हणतात. ‘त्यानं हिसाब घेतला’ म्हणजे नोकरी संपली आणि जाताना मालकानं जे काय द्यायचं ते दिलं. किती दिलं ते कोणी विचारत नाही, कारण बहुतेक वेळा ते सांगण्यासारखं नसतं. कायदा तसा साधा आहे. मालकानं कामावरून कमी केलं तर आधी महिन्याची नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार. काम केलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. ही भीक नाही आणि बक्षीसही नाही. माणसानं एका जागी घातलेल्या वर्षांची ती किंमत आहे, आणि तीही फार कमी लावलेली.

तेवढीही द्यावी लागू नये म्हणून मालक राजीनामा लिहून घेतो. ‘मी घरगुती कारणास्तव काम सोडत आहे.’ ज्यानं स्वतःहून सोडलं त्याला भरपाई नाही. हे वाक्य मी इतक्या कागदांवर वाचलं आहे की, या जिल्ह्यातली सगळी घरगुती कारणं मालकांच्या टेबलावरच तयार होतात अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून माझा पहिला नियम, काही लिहून द्यायचं नाही. दुसरा, आकडा आधी आपण बोलायचा नाही. तिसरा, बैठकीत चहा प्यायचा पण बिस्किट खायचं नाही. तोंडात बिस्किट असलं की माणूस बोलायच्या ऐवजी मान हलवतो, आणि समोरचा ती हलवलेली मान लिहून घेतो.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, “दिवाळीचा अंक आहे, थोडं हलकंफुलकं असलं तर बरं.” तसं एक आहे. मोहाडीजवळच्या एका बंद झालेल्या राइस मिलमध्ये नामदेवकाका बॉयलरवर होते. तीन बैठका घेऊन मी त्यांचा हिसाब कायद्याइतका आणला. सही करायच्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं. “एक गोष्ट राह्यली जी.” मालकाचा चेहरा उतरला. काका म्हणाले, “माझ्या हातून बॉयलर एकदाबी फुटला नाई, असं तुमच्या कागदावर लिहून द्या.” मालकानं हसत हसत लेटरहेडवर लिहून दिलं, शिक्काही मारला. काकांनी ते प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. साठीचे होते, दुसरी नोकरी मिळणार नव्हती. कागद कोणाला दाखवायचा होता हे मी विचारलं नाही. हलकंफुलकं एवढंच. आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

माझं वय तेहेतीस. अनुभव सांगायचं हे वय नाही, हे मला कळतं. पण माझ्या एका चुकीची साक्ष देणारी माणसं आज जिवंत आहेत, ती पांगायच्या आत ते लिहून ठेवायला हवं.

आधी घरचं थोडं. आम्ही आसगावचे. वडील पवनीच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. जयंतीची, मोर्च्याची, शिबिराची पत्रकं छापून उरली की चार-दोन घरी आणायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पत्रकावर बसायचं नाही, त्यात भजी बांधायची नाहीत, पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचं. इतर घरांत पोथीला जो मान असतो तो आमच्याकडे गुलाबी, पिवळ्या पातळ कागदांना होता. आणि वडिलांचं एक म्हणणं होतं, “हात तुटला तरी चालन, कागदावर अंगठा उठवायचा नाही.” त्यामागे आमच्या आजोबांची एक गोष्ट आहे, ती इथं सांगत नाही. एवढंच सांगते की शाईची पेटी आमच्या घरात कधी आली नाही.

तर, दोन वर्षांपूर्वी नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेला मंगनीजचा एक खासगी डेपो बंद होणार अशी नोटीस लागली. डेपो म्हणजे खाणीतून आलेल्या दगडांचं मोठं आवार. तिथं बायका दिवसभर उकिडव्या बसून हातोडीनं दगड फोडतात आणि माल निवडतात. चांगलं मंगनीज एका बाजूला, हलका दगड दुसऱ्या बाजूला. दोन्ही काळेच दिसतात. बायका दगड तळहातावर तोलतात, फोडलेल्या कडेची चमक बघतात आणि बोलता बोलता टाकतात. मी एकदा तासभर बसून पाहिलं, मला एकही ओळखता आला नाही. आता ते काम यंत्र करणार होतं. अठरा बायका घरी जाणार होत्या.

मी नावं लिहायला बसले. टिनाच्या शेडखाली एकेक जण पुढे येत होती. चाळिशीची एक बाई आली, नाकात चमकी, केसांवर मंगनीजची काळी धूळ.

“नाव?”

“भागरता.”

“वय?”

ती थांबली. “माझं का भागरताचं?”

मागच्या बायका खो खो हसल्या. गौराबाई, त्यांच्यातली सगळ्यात वडीलधारी, म्हणाली, “सांगून टाक वो. म्याडम आपलीच आहे.”

मग कळलं ते असं. वीस माणसं कामावर झाली की मालकाला प्रॉव्हिडंट फंड भरावा लागतो. म्हणून डेपोच्या रजिस्टरवर अठरा नावं होती आणि अठराच राहणार होती. नवी बाई घ्यायची तर जुन्या नावावर. बायकांनी त्यातून आपली एक रीत काढली होती. सासू थकली की तिच्या नावावर सून बसायची, बहीण मेली की बहीण. माणूस बदलायचं, नाव चालू राहायचं. याला त्या ‘नाव राखणं’ म्हणत. अठरांपैकी सात जणी स्वतःच्या नावावर होत्या, अकरा जणी दुसऱ्याच्या. भागरता ही या बाईची सासू, तिला जाऊन चौदा वर्षं झाली होती. हिचं खरं नाव छबी.

“आन् भागरताबाईनं किती वर्षं केलं होतं?” मी विचारलं.

“तेरा. तेरा तिचे न चौदा माझे. सत्ताइस झाले.” छबी हातोडीच्या दांड्यावरून बोट फिरवत म्हणाली, “सासूनं मले सोनं नाही देल्लं. हे वर्षं देल्ले.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पत्रकात शोभेल म्हणून. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दर शनिवारी पगार ऑफिसच्या खिडकीतून रोख मिळायचा. रजिस्टरवर अंगठा द्यायचा. खिडकीखालची भिंत हातभर निळीकाळी झाली होती, कारण अंगठा उठवला की बायका तिथंच पुसायच्या. छबीही पुसायची. आणि मग गौराबाईनं सहज सांगितलं, “हे तं सातवी शिकली आहे. पेपर वाचते.”

“मग अंगठा का?”

छबी म्हणाली, “भागरताले कुठं लिवता येत होतं?”

चौदा वर्षं. दर शनिवारी. लिहिता-वाचता येणारी बाई मेलेल्या बाईचा अडाणीपणा सांभाळत अंगठा उठवत होती. माझ्या अंगाची आग झाली. मालकाला फंड वाचवायचा होता म्हणून एका बाईची शाळा पुसली गेली होती. त्या संध्याकाळी तुमसरला येऊन मी एका दमात पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘अंगठा पुसा, नाव लिहा!’ पाचशे प्रती काढल्या. नाकाडोंगरीच्या बाजारात स्वतः वाटल्या. वडिलांना एक पाठवली. त्यांनी फोनवर मथळा दोनदा वाचून दाखवला.

पहिली बैठक डेपोच्या ऑफिसात झाली. मॅनेजर पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस होता. अठरा राजीनामे टाइप करून ठेवले होते, सगळ्यांवर घरगुती कारण. मी एकेक कागद उचलला आणि विचारलं, “अठराही घरांत एकाच तारखेला कारण निघालं का हो?” बायका हसल्या. मॅनेजरही हसला, कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवले. राजीनामे मागे, कामावरून कमी केल्याचं पत्र मिळणार, भरपाई कायद्याप्रमाणे. एका दिवसात एवढं मिळवलं म्हणून मी फुगले. बाहेर आल्यावर छबीनं मला बाजूला घेतलं.

“म्याडम, मले किती भेटन?”

“आधी आकडा बोलायचा नाही.”

“मालकासमोर नाही ना. मले तं सांगा.” तुमसरला तिनं एक जुनी पिठाची चक्की पाहून ठेवली होती. मालकीण लेकाकडे नागपूरला चालली होती, दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली होती. गावात छबीच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, चक्की नव्हती, बायकांना दळण घेऊन दीड कोस जावं लागे. “सत्ताइस वर्षाचं भेटलं तं चक्कीबी होते न मीटरबी.”

मी म्हणाले, “ताई, सत्तावीसचं नाही. आपण तुमच्या नावानं, तुमच्या चौदा वर्षांचं मागायचं. खरं सांगून.”

ती म्हणाली, “काहून?”

“कारण ते खरं आहे. आणि मालकानं तुमचं नाव चोरलंय हे लिहून यायला हवं.”

“याच्यानं काही बिघडन तं नाही ना?”

“खऱ्यानं काय बिघडतं?” मी म्हणाले.

“तुमी म्हणता तं करते.”

हा संवाद मी अनेकदा आठवून पाहिला आहे. तिनं दोन प्रश्न विचारले होते. मी दोन्हींना घोषणा ऐकवल्या.

दुसरी बैठक भंडाऱ्याला, सरकारी मध्यस्थासमोर. अकरा जणींची खरी नावं असलेली यादी माझ्या पिशवीत होती. सगळ्यांचे जबाब एकाच दिवशी होणार नव्हते. कोणाला आधी उभं करायचं ते मला ठरवायचं होतं. मी छबीला उभं केलं. का, तर तिला लिहिता येत होतं. शिकलेली म्हणून पहिली. अंगठ्यांच्या त्या ढिगाऱ्यात पहिली ठळक सही तिची पडावी, ती बघून बाकीच्यांना धीर यावा, असं माझ्या डोक्यात होतं. खरं सांगायचं तर त्या सहीचा फोटो पुढच्या पत्रकावर छापायचाही विचार होता.

अधिकाऱ्यांनी जबाब लिहून घेतला. ‘मी छबी. भागरता माझी सासू होती. ती चौदा वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून तिच्या नावावर मी काम करते.’ खाली छबीनं सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षरावर दाब देऊन, शाळेतल्या फळ्यावर काढावी तशी. मग माझ्याकडे बघून हसली. इतक्या वर्षांत तिनं कुठल्याही कागदावर केलेली ती पहिली सही होती.

मॅनेजर सकाळपासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालत होता. कामाचे दिवस, सुट्ट्या, रोजीचा दर. या जबाबावर त्यानं एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाला, “साहेब, याची एक कॉपी द्या.”

माणूस वाद घालायचा थांबतो तेव्हा त्याला काहीतरी सापडलेलं असतं. मी ही गोष्ट दुसऱ्यांना शिकवते. त्या दिवशी मला ती दिसली नाही.

जिन्यावर तो माझ्याजवळ थांबला. “मॅडम, तुम्ही आमचं कामच केलं. ये बाई तो हमारे रजिस्टर पे हैही नहीं.”

“चौदा वर्षं खिडकीत तुम्हीच बसत होता. पैसे तुम्हीच देत होता.”

“मैं भागरता को देता था. ती मेली हे आज कळलं. लिखकर दिया है.” मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, “आणखी किती आहेत अशा?”

मी यादीची पिशवी काखेत घट्ट धरली. तेवढी एकच अक्कल त्या दिवशी दाखवली.

तिसऱ्या दिवशी डेपोच्या फाटकावर कागद लागला. रजिस्टरवर नाव असलेल्यांनाच हिसाब मिळेल, दुसऱ्याच्या नावानं पैसे उचललेल्यांवर फसवणुकीची तक्रार केली जाईल. ज्या मालकानं अठराचा आकडा ठरवला, ज्यानं मेलेल्या बायकांना हजेरीवर जिवंत ठेवलं, तो बायकांना फसव्या म्हणत होता. मी फाटकासमोर उभी राहून बोलले. अर्धा तास बोलले. चांगलं बोलले असणार, कारण रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. बायका ऐकत नव्हत्या. त्या फाटकावरचा कागद बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी गौराबाई तुमसरला आली. जिना चढून दम लागला होता तरी बसली नाही.

“पोरी, आता तू बोलू नको.”

“मावशी, हे बेकायदेशीर आहे. मी वरपर्यंत...”

“तू वरपर्यंत जाशीन. आमाले शनिवारपर्यंत जायचं आहे.” ती म्हणाली. “त्यायले मशीन आत न्यायची आहे. आमी फाटकात बसलो आहो. मॅनेजर म्हणते, नावं आहे तशेच ठेवा, कोणी काही पुसणार नाही, अंगठा द्या न घ्या. अर्धा हिसाब देतो म्हणते. मी म्हटलं पाऊण.”

“पाऊण मान्य केला?”

“केला. ट्रक उभा आहे ना त्याचा बाहेर.”

आठ वर्षांत मी पाहिलेली ती सगळ्यात चांगली तडजोड होती आणि ती मी केलेली नव्हती. आकडा आधी त्याला बोलायला लावला, मग वर नेला. माझे सगळे नियम तिला न सांगता माहीत होते.

“आणि छबीताई?”

गौराबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. “तिचं कसं होणार? भागरता मेली म्हणून तिनं सरकारात लिहून देल्लं. बाकीच्यायनं नाही देल्लं. आमच्या सगळ्या बुड्या जित्या आहे अजून.”

शनिवारी मी फाटकाबाहेर उभी होते. खिडकीत मॅनेजर होता. रजिस्टरवर नावं पुकारली जात होती. सात जणींनी आपापल्या नावाला ओ दिली. मग दुसरी नावं आली. त्यातली एक बाई नऊ वर्षांपूर्वी गेली होती, एक पावसाळ्यात वीज पडून गेली होती, दोघी अंथरुणाला खिळून होत्या. “हजर.” “हजर.” दहा जणींनी पुढे होऊन अंगठा दिला, पैसे पदरात बांधले, भिंतीवर बोट पुसलं. कोणी हसलं नाही. भागरताचं नाव पुकारलं नाही. मॅनेजरनं त्या ओळीवर आडवी रेघ मारली, इतक्या लांबूनही मला त्याचा हात सरकताना दिसला.

छबी माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, “सासू आता मेली.”

बायकांनी आपापल्यातून थोडं थोडं काढून तिला दिलं. तिनं घेतलं. का नाही घेणार? पण ते चक्कीच्या जवळपास पोचणारं नव्हतं. दिवाळीनंतर चक्की दुसऱ्या कोणी उचलली.

माझ्या वतीनं बोलणारे लोक आहेत. वकील म्हणतात, तुम्ही कायद्यानं बरोबर होता. युनियनचे अध्यक्ष म्हणाले, लढ्यात एखादा मोहरा जातो. त्या शब्दाचा मला इतका राग आला की मी चार दिवस खोलीवर गेले नाही. मी वडिलांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी इतकंच विचारलं, “तिला चक्की घ्यायची होती हे तुला माहीत होतं?” माहीत होतं. तरीही मी तिच्या तेरा वर्षांवर तिला न विचारता पाणी सोडलं होतं, आणि मग उरलेली चौदाही घालवली. माझ्या खरेपणाची किंमत सत्तावीस वर्षं आली. ती मी भरली नाही.

खरं बोलू नये असं मी म्हणत नाही. अठरा नावांची लबाडी मालकाचीच होती, आणि आजही कोणी विचारलं तर मी तेच म्हणेन, कोर्टातही म्हणते आहे. पण खरं बोलायची वेळ कोणाच्या अंगावर येते, याला महत्त्व आहे. मी पगारी कार्यकर्ती. माझं काही जाणार नव्हतं. आता मी नोकरी गेलेल्या माणसाला समोर बसवते तेव्हा कागदांच्या आधी एक गोष्ट विचारते, “तुम्हाला काय हवंय?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. कधीकधी फार वेळ लागतो.

छबीच्या नावानं दावा लावला आहे. मूळ रजिस्टर पाण्यानं भिजून खराब झालं, असं मालकानं लिहून दिलं आहे. डेपोचं ऑफिस रंगवून घेतलं, खिडकीखालची भिंत पांढरी झाली. सुदैवानं पहिल्या बैठकीत मी रजिस्टरच्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढले होते. भागरताच्या नावासमोर अंगठे आहेत. ते छबीचे आहेत हे तपासून सिद्ध झालं, तर भागरताच्या नावावर तिथं कोण बसत होतं ते सिद्ध होईल. वकील म्हणाले, “बाईंचे नमुन्याचे अंगठे घेऊन या. स्वच्छ हवेत.”

या वर्षी मिरचीच्या तोडणीसाठी तेलंगणात जाणारी गाडी नाकाडोंगरीहून सकाळी निघणार होती. छबीनं नाव दिलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. जाताना तुमसरला एका दुकानातून शाईची पेटी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

ती पोत्यात तांदूळ भरत होती. मी पिशवीतून पेटी काढली तशी ती बघत राहिली.

“अंगठा? सही नाही लागत?”

“सहीनं काही सिद्ध होत नाही, ताई. रजिस्टरवर अंगठेच आहेत.”

“हं.” ती पोत्याचं तोंड बांधून माझ्यासमोर येऊन बसली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. “म्याडम, एक बोलू? रागावू नोका. सही माझीच होती. मले करायचीच होती थे. चौदा वर्सं मनात होतं का कधीतरी एकदा आपलं नाव लिहीन म्हणून. पण कवा करायची, हे तुमी मले पुसाले पायजे होतं.”

“हो,” मी म्हणाले.

वकिलांनी दाखवलं होतं तसं मी तिचा अंगठा धरला, पेटीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला आणि कागदावर ठेवला. उचलला तर नुसता काळा डाग. पुन्हा घेतला. पुन्हा डाग, मध्ये कुठं दोन-चार तुटक रेषा. मी अंगठा उजेडात धरून पाहिला. दगड फोडून, दगड तोलून तो घासलेल्या पाटीसारखा गुळगुळीत झाला होता. चौदा वर्षांचा पुरावा त्या चौदा वर्षांनीच खाल्ला होता.

“लय शाई लागली,” छबी म्हणाली. “पुसाले काही द्या.”

पिशवीत फाइल होती, कोर्टाचे कागद होते आणि खाली, घडी मोडलेली, जुन्या पत्रकांची दहाबारा पानं होती. दुसरा कागद नव्हता. मी एक काढून दिला. तिनं तो उलगडला, मथळा वाचला, मनात नाही, मोठ्यानं, शाळेतल्यासारखा. ‘अंगठा पुसा, नाव लिहा.’ माझ्याकडे पाहिलं. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला अंगठा नीट पुसला.

“घ्या,” तिनं हात पुन्हा पुढे केला. “दाबून घ्या, म्याडम. मिरची तोडून आली का एवढ्याबी रेघा राहणार नाही.”

मी दाबून घेतला.